विहीर नांदेडची, प्रश्न पुण्याचा

जानेवारी २०२५च्या तिसऱ्या आठवड्यात पुण्यातल्या रुग्णालयांकडून महापालिकेच्या आरोग्य खात्याला एकाच तऱ्हेचे रुग्ण कळवले जाऊ लागले. आधी जुलाब आणि पोटदुखी. ती बरी होते न होते तोच पायांतली ताकद जायची, जिना चढवायचा नाही, हातातला पेला धरवायचा नाही. काहींना थेट व्हेंटिलेटर लावावा लागला. आजाराचं नाव गुलेन बॅरे सिंड्रोम. पुढे ‘जीबीएस’ हीच अक्षरं घराघरांत पोचली. एरवी वर्षाला लाखात एखाद-दोघांना होणारा हा आजार. इथे आठवड्याभरात रुग्णांचा आकडा शंभरावर गेला आणि फेब्रुवारी सरेपर्यंत दोनशेच्या पुढे.

रुग्णांचे पत्ते नकाशावर मांडले तेव्हा ते शहरभर सारखे विखुरलेले नव्हते. सिंहगड रस्ता, धायरी, नांदेड, किरकटवाडी, नांदोशी, खडकवासला या पट्ट्यात ते दाटले होते. (हे नांदेड मराठवाड्यातलं नव्हे. खडकवासला धरणाच्या खालच्या अंगाला असलेलं, आता पुणे महापालिकेत आलेलं गाव.) रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत ‘कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी’ हा जिवाणू सापडला, काहींत नोरोव्हायरस. कॅम्पायलोबॅक्टरचा संसर्ग बहुतेकांना दोन-चार दिवसांचे जुलाब देऊन सोडतो. थोड्या जणांत मात्र शरीराची प्रतिकारयंत्रणा जिवाणूशी लढता लढता स्वतःच्याच मज्जातंतूंवर तुटून पडते. हा जिवाणू माणसांच्या आणि प्राण्यांच्या, विशेषतः कोंबड्यांच्या विष्ठेतून पसरतो. म्हणून काही दिवस बोट पोल्ट्रीकडेही होतं. पण अर्धवट शिजलेलं चिकन काही फक्त सिंहगड रस्त्यालाच खाल्लं जात नाही. पट्टा एक, तर पाणी एक, हा तर्क आरोग्य खात्याने लवकर केला आणि तो बरोबर दिशेचा होता.

या प्रकरणाकडे साथीचं प्रकरण म्हणून पाहता येतं. डॉक्टरांनी ते तसं पाहिलंही. मला त्यात पाण्याच्या कारभाराचं प्रकरण दिसतं. चार धरणांच्या पायथ्याशी वसलेल्या, दीडशे वर्षं नळाचं पाणी पिणाऱ्या शहराच्या हद्दीत २०२५ साली हजारो घरांना न गाळलेलं पाणी का जात होतं, हा प्रश्न मला त्या जिवाणूपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

विहिरीपाशी काय होतं

नांदेड आणि आसपासच्या वस्तीला पाणी जायचं ते एका मोठ्या विहिरीतून. विहिरीवर गाळणी केंद्र नव्हतं. पाण्यात क्लोरीन मिसळायचं आणि पुढे ढकलायचं, एवढीच प्रक्रिया. गावात दोन-चारशे घरं होती तेव्हापासून चालत आलेली ही ग्रामपंचायतीची व्यवस्था; त्या प्रमाणात ती चुकीचीही नव्हती. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरचं द्रावण नेमाने टाकणारा, ओटी टेस्टमध्ये (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते दाखवणारी चाचणी) पाणी पिवळं होतंय का ते रोज बघणारा पाणीवाला असेल, तर छोट्या गावाचं तेवढ्यावर भागतं.

मोठ्या वस्तीला ते का पुरत नाही? क्लोरीन काम करतं ते स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात. पाणी गढूळ असेल तर त्यातली माती आणि सेंद्रिय घाण क्लोरीन खाऊन टाकते आणि जंतूंसाठी उरतच नाही. म्हणूनच गाळणी केंद्रात आधी तुरटी, मग निवळणी, मग वाळूची गाळणी आणि क्लोरीन सगळ्यात शेवटी. मानक सांगतं की शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहिलं पाहिजे. अट शेवटच्या नळाची आहे, विहिरीपाशी किती टाकलं याची नाही. विहिरीपासून लांब, चढावर, चार-पाच वर्षांत उभ्या राहिलेल्या दहा मजली इमारतीच्या टाकीत ते शिल्लक राहील याची खात्री अशा व्यवस्थेत कोणी देऊ शकत नाही. या साथीत काही भागांतल्या नमुन्यांत मैला मिसळल्याची खूण मानले जाणारे कोलिफॉर्म जिवाणू सापडले, म्हणजे ती खात्री नव्हतीच.

त्यात पाणी ठरावीक वेळ सोडायचं. वॉलमन व्हॉल्व्ह बंद करतो तेव्हा वाहिनीतला दाब जातो आणि गळके सांधे बाहेरचं पाणी आत ओढू लागतात. जलवाहिनीच्या शेजारून ड्रेनेज जात असेल, आणि अरुंद रस्त्यात दोन्ही एकाच चरात टाकलेली असणं ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट आहे, तर बाहेरचं पाणी म्हणजे मैलापाणी. पुढे सोसायटीची जमिनीखालची टाकी आणि तिच्या हातभरावर ड्रेनेजचं चेंबर. रोगाला शिरायला एवढ्या जागा असताना विहीर हा एकटाच आरोपी कसा धरायचा? माझ्या मते विहिरीचा खरा दोष एकच: तिच्यानंतर जे जे बिघडलं, त्याविरुद्ध तिच्या पाण्यात काहीच राखीव उरत नव्हतं.

नळावर भरवसा नसलेल्यांनी दुसरी सोय केली होती. टँकर, आणि कोपऱ्याकोपऱ्यावरचे खासगी आरओ प्लांट, जिथे वीस लिटरचा जार भरून मिळतो. साथ आल्यावर महापालिकेने या प्लांटचे नमुने तपासले आणि दूषित पाणी देणारे बरेच प्लांट बंद केले. लोकांना याचा धक्का बसला, कारण आरओ म्हणजे शुद्ध अशी समजूत पक्की आहे. आरओचा पडदा क्षार काढतो, जंतूही अडवतो. पण आरओ यंत्रात पडद्याच्या संरक्षणासाठी पाण्यातलं क्लोरीन आधीच काढून टाकलेलं असतं. म्हणजे पडद्यापुढे साठवणाची टाकी, तोटी आणि न धुतलेला जार यांत जी घाण मिसळेल तिला अडवायला काहीही नाही. पैसे मोजून घेतलेलं पाणी नळाच्या पाण्यापेक्षा जास्त उघडं पडू शकतं, हे त्या महिन्यात सिंहगड रस्त्याच्या लोकांना कळलं. कळायला बरीच मोठी किंमत पडली. जीबीएसवरचं इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन मध्यमवर्गीय घरालाही सहज परवडणारं नाही, आणि उपचाराचा भार महापालिकेला उचलावा लागला.

हद्द सरकली, जलवाहिनी नाही

नांदेड, किरकटवाडी, नांदोशी, खडकवासला ही गावं ३० जून २०२१ रोजी आणखी १९ गावांबरोबर महापालिकेत आली. त्याआधी ऑक्टोबर २०१७मध्ये धायरीसह ११ गावं आली होती. दोन टप्प्यांत मिळून ३४ गावं, आणि पुणे महापालिकेची हद्द ५०० चौरस किलोमीटरच्या पुढे गेली. क्षेत्रफळात मुंबईलाही मागे टाकलं म्हणून तेव्हा बातम्या झाल्या. अभिमान कशाचा होता, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं.

खरी गंमत पुढे आहे. जुलै २०२१मध्ये राज्य सरकारने या २३ गावांसाठी नियोजन प्राधिकरण म्हणून पीएमआरडीएची (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) नेमणूक केली. म्हणजे गाव महापालिकेचं, पाणी-ड्रेनेज-कचरा महापालिकेने द्यायचा, आणि इमारत बांधायची परवानगी दुसरी संस्था देणार. परवानगीबरोबर येणारं विकास शुल्कही तिकडेच. ज्याच्या हातात पाण्याची तोटी आहे त्याला कुठे किती मजले उठणार हे ठरवता येत नाही, आणि जो मजले ठरवतो त्याला पाणी द्यावं लागत नाही. प्रशासनाच्या परीक्षेत कोणी अशी रचना उत्तर म्हणून लिहिली असती तर मास्तरांनी नापास केलं असतं.

या फटीत एक कागद जन्माला आला: बिल्डरचं हमीपत्र. महापालिकेचं पाणी येईपर्यंत सदनिकाधारकांना पाणी मी पुरवीन, असं बिल्डर लिहून देतो आणि त्यावर परवानगी मिळते. पुढे सोसायटी स्थापन होते, बिल्डर पुढच्या प्रकल्पाकडे जातो आणि टँकरचं बिल सोसायटीच्या देखभाल खर्चात येऊन बसतं. वाघोली, उंड्री, बावधन, सूस, कुठल्याही सोसायटीच्या वार्षिक सभेत पहिला वाद टँकरचा असतो. महापालिकेकडे गेलं तर उत्तर मिळतं की तुमच्या भागात वितरण वाहिन्याच नाहीत, तुमच्या बिल्डरचं हमीपत्र आहे. उत्तर खोटं नाही, म्हणून तर ते जास्त चीड आणतं.

दाद तरी कोणाकडे मागायची? ग्रामपंचायत विसर्जित झाली होती. महापालिकेतल्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२मध्ये संपली आणि प्रशासक आले. साथ आली तेव्हा शहरात तीन वर्षं कोणी निवडून आलेलं नव्हतं. ज्या सरपंचाला रात्री दहाला फोन करून ‘पाण्याला वास येतोय’ म्हणता यायचं, त्याच्या जागी ॲपवर नोंदवलेल्या तक्रारीचा क्रमांक आला.

महापालिकेच्या बाजूनेही सांगायला हवं. ज्या गावांतून कर येत नाही तिथे हजारो कोटींच्या वाहिन्या कुठल्या पैशातून टाकायच्या, हा तिचा प्रश्न रास्त आहे. समाविष्ट गावांतल्या रहिवाशांचं म्हणणं असं की सोयी आधी द्या, मग शहराच्या दराने कर लावा. राज्य सरकारने या करवसुलीला स्थगिती देऊन त्यांचं म्हणणं मान्यही केलं. आता कराविना सोयी नाहीत आणि सोयींविना कर नाही. मधल्या काळात फ्लॅटची विक्री मात्र अखंड चालू आहे. मुद्रांक शुल्क राज्याला मिळतं, विकास शुल्क प्राधिकरणाला, नफा बिल्डरला. पाणी देण्याची जबाबदारी ज्याच्या वाट्याला आली त्याच्या हाती सगळ्यात कमी आलं.

धरणात पाणी आहे

अशा वेळी पुण्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं: लोकसंख्या वाढली, पाणी पुरत नाही, नवं धरण हवं. आकडे पाहू. खडकवासला साखळीतली चार धरणं: पानशेत १०.६५ टीएमसी, वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१ आणि खुद्द खडकवासला १.९७. एकूण २९.१५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे साधारण २,८३२ कोटी लिटर. महापालिका आणि जलसंपदा विभाग यांच्यातला जुना करार ११.५० टीएमसीचा. प्रत्यक्षात शहर वर्षाला १८ टीएमसीहून जास्त उचलत आलं आहे. पूर्व भागासाठी भामा आसखेडची २.६ टीएमसीची योजना जानेवारी २०२१पासून वेगळी.

१८ टीएमसी म्हणजे दिवसाला जवळपास १४० कोटी लिटर. २०११च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१ लाखांवर होती. त्यानंतर देशात जनगणनाच झालेली नाही, त्यामुळे आज किती, यावर महापालिका एक आकडा सांगते आणि जलसंपदा विभाग दुसरा. पाण्याचा कोटा माणशी ठरतो, म्हणून हा वाद जलसंपत्ती नियमन प्राधिकरणापर्यंत गेला. पण महापालिकेचा मोठा आकडा धरला तरी माणशी पाणी देशातल्या बहुतेक शहरांना हेवा वाटेल इतकं आहे. मग किरकटवाडीला टँकर का?

कारण या पाण्यातलं सुमारे ४० टक्के पाणी हिशोबाबाहेर जातं, असं महापालिकाच मानत आली आहे. त्यात गळती आली, बेकायदा जोडण्या आल्या आणि मीटरच नसल्याने न मोजलेलं पाणीही आलं. पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या जागी उठलेल्या इमारतींना भरपूर पाणी, चढावरच्या वस्त्यांना तासभर आणि नव्या हद्दीला विहीर किंवा टँकर, अशी ती उतरंड आहे.

यावरचा उपाय महापालिकेला ठाऊक नव्हता असं नाही. चोवीस तास समान पाणीपुरवठा योजना त्यासाठीच आखली: सुमारे दीड हजार किलोमीटरच्या वितरण वाहिन्या बदलायच्या, ८२ टाक्या बांधायच्या, शहराचे १४१ विभाग करून प्रत्येकात किती पाणी आलं आणि किती घरांत पोचलं ते मोजायचं, आणि त्यासाठी घरोघरी मीटर. या योजनेसाठी जून २०१७मध्ये महापालिकेने ७.५९ टक्के व्याजाने २०० कोटींचे कर्जरोखे काढले. बाजारातून असा पैसा उभारणं तेव्हा भारतीय शहरांत दुर्मीळ होतं. रोख्यांचं कौतुक देशभर झालं. वाहिन्या टाकायचं काम मात्र रस्ते खोदाईची परवानगी, टाक्यांच्या जागा आणि मीटरला होणारा विरोध यांत वर्षानुवर्षं रेंगाळलं.

मीटरला विरोध का, हे समजून घेण्यासारखं आहे. पुण्यात घरगुती पाणीपट्टी मिळकतकराबरोबर ठोकळ भरायची सवय. मीटर आला की आपण किती वापरतो ते दिसणार, आणि उद्या त्यावर दर लागणार. जुन्या शहरातल्या माणसाला यात फायदा दिसत नाही. फायदा आहे तो हद्दीवरच्या माणसाचा, कारण वाचलेलं पाणी तिकडे जाईल. पण हद्दीवरच्या माणसाचं महापालिकेत वजन नाही. कराडजवळच्या मलकापूरने हीच गोष्ट, मीटर आणि चोवीस तास पाणी, फार पूर्वी करून दाखवली. लोक पुण्याची तुलना मलकापूरशी नको म्हणतात, आकाराने जमत नाही म्हणून. योजनेतले १४१ विभाग म्हणजे शेवटी १४१ मलकापूरच की.

नव्या धरणाबद्दल म्हणाल, तर मावळात ९ ऑगस्ट २०११ रोजी काय झालं ते आठवावं. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडकडे बंद जलवाहिनी नेण्याविरुद्धच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले. शहराच्या गळक्या नळांसाठी आणखी एका खोऱ्यातून पाणी मागायला जाणं हे आता निव्वळ अभियांत्रिकीचं काम उरलेलं नाही. खडकवासल्याच्या कालव्यावर दौंड-इंदापूरची शेती उभी आहे. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत शेतीसाठी कालव्यातून सोडायचं पाणी, म्हणजे आवर्तन, किती आणि पुण्याला किती, यावर दरवर्षी जे तापतं, त्यात शहराच्या प्रत्येक जादा टीएमसीमागे शेताचा एक टीएमसी कमी होतो.

जे आत येतं ते बाहेरही पडतं

आतापर्यंत नळाचं झालं. शहरात आलेल्या पाण्याचा मोठा भाग मैलापाणी होऊन बाहेर पडतो. अभियंते साधारण ८० टक्के धरतात. १४० कोटी लिटर सगळं घरांत पोचतं असं धरलं तर दिवसाला ११२ कोटी लिटर मैलापाणी. ४० टक्के वाटेतच जातं असं धरलं तर ८४ कोटी पोचतं आणि ६७ कोटी मैलापाणी होतं. या दोन आकड्यांत जे अंतर आहे तेवढ्या क्षमतेत मध्यम आकाराच्या एका शहराची सगळी शुद्धीकरण केंद्रं बसतील. नळाला मीटर नसला की मैलाशुद्धीकरण केंद्र किती मोठं बांधायचं हेही अंदाजानेच ठरतं. शिवाय टँकर आणि बोअरवेलचं पाणी कुठल्याच वहीत नाही, ड्रेनेजमध्ये मात्र ते येतं.

क्षमता किती आहे? भैरोबा नाला, नायडू, एरंडवणे, विठ्ठलवाडी, बाणेर, खराडी, मुंढवा अशी केंद्रं मिळून कागदावर ५६.७ कोटी लिटर. त्यातून नायडूचं ९ कोटींचं, आता बंद असलेलं जुनं केंद्र वजा केलं की ४७.७ कोटी लिटर. ही केंद्रं जुन्या निकषांवर बांधलेली. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९मध्ये प्रक्रिया केलेल्या पाण्याचे निकष कडक केल्यावर त्यातली बरीच नव्या निकषांपुढे कमी पडतात.

तूट भरून काढायला जपानच्या ‘जायका’ संस्थेच्या कर्जातून मुळा-मुठा प्रदूषण नियंत्रण प्रकल्प आला. करार जानेवारी २०१६चा: ११ नवी केंद्रं, ३९.६ कोटी लिटर क्षमता, खर्च ९९० कोटी, त्यातला ८५ टक्के वाटा केंद्राचा. महापालिकेला जवळजवळ फुकट मिळालेला प्रकल्प. सल्लागार नेमण्यात वेळ गेला, जागा ताब्यात येईनात, वाढीव दराच्या निविदा रद्द कराव्या लागल्या. मूळ वेळापत्रकाप्रमाणे ज्या २०२२ साली प्रकल्प संपायचा, त्या साली प्रत्यक्ष काम सुरू झालं. त्याच मार्चमध्ये नदीकाठ सुधार प्रकल्पाचं भूमिपूजनही झालं: ४४ किलोमीटरच्या काठांवर भिंती, पायवाटा, बागा. आधी काठ सजवायचा की आधी पाणी धुवायचं यावर पुण्यात मोर्चे निघाले, न्यायालयात याचिका झाल्या. माझं मत मोर्चेवाल्यांच्या बाजूचं आहे, पण तो वेगळा लेख होईल.

इथे महत्त्वाचं एवढंच की २०१६ची आखणी जुन्या हद्दीची होती. नांदेड-किरकटवाडी तेव्हा जिल्हा परिषदेच्या हद्दीत होती. अकरा केंद्रं पूर्ण चालू झाली तरी त्यांच्यापर्यंत या गावांचं मैलापाणी नेणाऱ्या वाहिन्या वेगळ्याने टाकाव्या लागणार. तोवर सेप्टिक टँक, मैला उपसणारी गाडी आणि ओढा. मोठ्या सोसायट्यांना स्वतःचं एसटीपी, म्हणजे मैलाशुद्धीकरण केंद्र, बांधणं नियमाने सक्तीचं आहे, ते बांधलेलं असतं आणि बऱ्याच ठिकाणी भोगवटा प्रमाणपत्राच्या तपासणीनंतर बंद असतं, कारण पंप-ब्लोअरचं वीजबिल आणि चालवणारा माणूस दोन्ही महाग. खडकवासला जलाशयाच्या काठावरच्या गावांचं आणि हॉटेल-रिसॉर्टांचं सांडपाणी थेट धरणात येतं ही तक्रारही जुनीच. म्हणजे सिंहगड रस्त्याच्या माणसाच्या वरच्या अंगाने मैलापाणी येतं, त्याचं स्वतःचं खाली जातं आणि मधोमध तो गाळणी नसलेल्या विहिरीचं पाणी पितो.

मुंढव्याची देवाणघेवाण

पुण्याच्या पाण्याच्या हिशोबात एक कल्पना मला खरोखर चांगली वाटते. शहराने धरणातलं जादा पाणी घ्यावं आणि त्या बदल्यात प्रक्रिया केलेलं सांडपाणी शेतीला द्यावं. त्यासाठी मुंढव्याला नदीवर जॅकवेल, म्हणजे पंपाने पाणी उचलण्याची विहीर, बांधली. तिथून पाणी उचलून साडेसतरा नळीजवळ जुन्या बेबी कालव्यात सोडायचं, ते लोणी काळभोर, उरुळी कांचनच्या बाजूने पुढे जातं. ठरलं वर्षाला ६.५ टीएमसी.

हा आकडा जरा उलटा मोजून पाहा. ६.५ टीएमसी म्हणजे दिवसाला ५० कोटी लिटर. शहराची एकूण शुद्धीकरण क्षमता ४७.७ कोटी. म्हणजे प्रत्येक केंद्र पूर्ण क्षमतेने, एक दिवसही बंद न पडता चाललं आणि त्याचं सगळं पाणी मुंढव्याला पोचलं, तरी ठरलेलं भरत नाही. जॅकवेल तर पाणी उचलते नदीतून. तिथे प्रक्रिया केलेलं आणि न केलेलं एकत्रच असतं. जलसंपदा विभाग म्हणतो की ठरलेलं पाणी मिळत नाही. शेतकरी म्हणतात की मिळतं त्याला फेस आणि वास असतो. दोघांचीही तक्रार एकाच वेळी खरी असू शकते.

जे बेबी कालव्यात जात नाही ते मुळा-मुठेतून भीमेला आणि भीमेतून उजनीला. ११७ टीएमसीच्या उजनीत पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी वर्षानुवर्षं साठत आलं आहे. पाण्याचा हिरवा रंग आणि जलपर्णी त्याचीच. तेच पाणी सोलापूर पितं, आणि सोलापूरला ते चार-पाच दिवसांनी एकदा येतं. पुण्यात नांदेड-किरकटवाडी ही हद्द असेल, तर पुण्याच्या ड्रेनेजची हद्द सोलापूरला आहे.

काय करता येईल

गाळणी केंद्र हा उघड उपाय. साथीनंतर या पट्ट्यासाठी त्याची मागणी झाली आणि ते हवंच. पण ते होईपर्यंतच्या काळासाठी स्वस्त गोष्टी आहेत. शेवटच्या नळाचं क्लोरीन रोज मोजून ते आकडे गल्लीनिहाय जाहीर करणं, हे काम काही लाखांत होतं. टँकर भरण्याच्या प्रत्येक ठिकाणी, सरकारी असो वा खासगी, मीटर आणि क्लोरीनची सोय. टँकरवर जीपीएस लावून काय साधतं ते मला कळत नाही, कारण टँकर कुठे गेला यापेक्षा त्यात काय होतं हे जास्त गरजेचं. आरओ प्लांटना परवाना आणि जार भरण्याआधी क्लोरीनची मात्रा. सोसायट्यांनी जमिनीखालची टाकी आणि ड्रेनेज चेंबर यांतलं अंतर एकदा टेपने मोजावं.

अवघड उपाय परवानगीचा आहे. जोवर जलवाहिनी आणि मैलावाहिनी प्रत्यक्ष प्लॉटच्या तोंडाशी आलेली नाही, तोवर भोगवटा प्रमाणपत्र नाही; हमीपत्र बाद. याने घरं महाग होतील, असा आक्षेप येईल. टँकरवर दरमहा जाणारा पैसा वीस वर्षांच्या गृहकर्जासारखा मांडून पाहिला तर घर आताही तेवढंच महाग आहे, फक्त ते जाहिरातीत लिहिलेलं नसतं. विरोध खरा येईल तो दुसरीकडून. परवानग्या थांबल्या की विकास शुल्क थांबतं, आणि त्या शुल्कावरच नव्या वाहिन्यांची भिस्त असते. म्हणून पहिली काही वर्षं राज्याने मुद्रांक शुल्कातला ठरलेला हिस्सा या समाविष्ट गावांच्या वाहिन्यांसाठी बाजूला काढावा. फ्लॅट विकल्यावर सरकारला पैसे मिळतात तर फ्लॅटला पाणी पोचवण्याचे पैसेही त्यातूनच निघावेत, यात अवघड काही नाही.

आणि एक लहानशी सूचना. खडकवासल्याची कालवा समिती वेगळी, उजनीची वेगळी. दोन्हीकडे भांडण किती पाणी यावर होतं, कसलं पाणी यावर कमी. वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर धरणं भरलेली असताना, या दोन बैठका एकत्र घ्याव्यात. पुणे महापालिकेचे पाणी आणि ड्रेनेज या दोन्ही खात्यांचे प्रमुख, दौंड-इंदापूरचे शेतकरी आणि सोलापूरचा पाणीपुरवठा अधिकारी एका टेबलाशी बसवावेत, आणि आवर्तनाच्या तारखांच्या आधी मुंढव्याच्या जॅकवेलवर वर्षभर घेतलेल्या नमुन्यांचे बीओडीचे (पाण्यातली सेंद्रिय घाण मोजणारे) आकडे महिन्यावार वाचून दाखवावेत.